हातमोजे नाकारणारा विद्यार्थी

'द मोटारसायकल डायरीज' पाहायला बसणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. पडद्यावरच्या तरुणाचे पुढे जगभर गाजलेले नाव दोन तास मनाआड ठेवा. ते नाव, ती टोपी, ती दाढी, कॉलेजच्या पोरांच्या टीशर्टवर असते ती नजर यांतले काहीच या गोष्टीत अजून घडलेले नाही. १९५२ च्या जानेवारीत तो फक्त एर्नेस्तो गेव्हारा दे ला सेर्ना आहे. वय तेवीस. बुएनोस आयरेसच्या विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकतो आहे, शेवटच्या काही परीक्षा राहिल्या आहेत, घरचे काळजीत आहेत आणि चिचिना नावाच्या श्रीमंत घरातल्या मुलीवर त्याचा जीव जडला आहे. लहानपणापासूनचा दमा सोबतीला आहेच. त्या दम्यापायी आईवडिलांनी शहर सोडून कोर्दोबा प्रांतातल्या आल्ता ग्रासिया या कोरड्या हवेच्या गावी बिऱ्हाड हलवले होते. दिग्दर्शक वॉल्टर सालेस यांचीही प्रेक्षकाकडून हीच अपेक्षा असावी, कारण ही शौर्यकथा नाही हे चित्रपट पहिल्याच मिनिटाला सांगून टाकतो.

एका क्रांतिकारकाच्या चरित्राचा पहिला अध्याय म्हणून या चित्रपटाकडे पाहण्याची रीत पडली आहे. तसे पाहिले की प्रत्येक प्रसंगात पुढच्या चे गेव्हाराची चाहूल शोधली जाते आणि समोरचा प्रसंग नीट दिसत नाही. मला तो एका डॉक्टरच्या शिक्षणाची गोष्ट म्हणून अधिक पटतो. हा विद्यार्थी एका रुग्णाकडून दुसऱ्या रुग्णाकडे जातो, प्रत्येक ठिकाणी थोडे शिकतो, थोडा हरतो. एका टप्प्यावर त्याच्या लक्षात येते, की जो रोग तो पाहतो आहे त्याचे कारण रोग्याच्या शरीरात नाहीच.

प्रवासाचा बेत खरे तर आल्बेर्तो ग्रानादोचा. हा जीवरसायनशास्त्रज्ञ एर्नेस्तोपेक्षा सहाएक वर्षांनी मोठा. गोलमटोल, बोलका, नाचायला आणि खायला सदैव तयार. सान फ्रान्सिस्को देल चान्यार या गावच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत तो काम करत असे. १९५० साली एर्नेस्तो सायकलला छोटे इंजिन जोडून उत्तर अर्जेंटिना फिरला, तेव्हा तिथे त्याच्याकडे मुक्कामाला गेला होता. म्हणजे कुष्ठरोग्यांच्या वस्तीची ओळख त्याला आधीच झालेली होती, ही गोष्ट चित्रपट पाहताना ध्यानात असावी. आता दोघांना खंडाच्या पार उत्तर टोकापर्यंत, व्हेनेझुएलापर्यंत जायचे आहे. वाहन म्हणजे ग्रानादोची जुनी ५०० सीसी नॉर्टन मोटारसायकल. तिचे नाव 'ला पोदेरोसा', म्हणजे शक्तिमान. पैसे जेमतेम. पेरूमधल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत थोडे काम करायचे, बाकी वाटेत सुचेल तसे.

पहिला अर्धा तास धमाल आहे. गाडी खड्ड्यात जाते, गाईला धडकते, तंबू वाऱ्याने उडून जातो. मीरामारला चिचिनाच्या घरी मुक्काम होतो. तिथून निघताना ती एर्नेस्तोच्या हाती पंधरा डॉलर ठेवते आणि अमेरिकेत पोचलास तर माझ्यासाठी पोहण्याचा पोशाख आण म्हणते. हे पंधरा डॉलर विसरू नका. आल्बेर्तो वाटभर त्यांच्यासाठी कासावीस होतो. कधी उपाशीपोटी मागतो, कधी आजाराच्या निमित्ताने मागतो, आणि एर्नेस्तो ते देत नाही.

चिलीतल्या तेमुको गावी दोघे स्थानिक वर्तमानपत्रात स्वतःबद्दल बातमी छापून आणतात. कुष्ठरोगाचे दोन निष्णात अर्जेंटिनी तज्ज्ञ दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर आले आहेत, अशी ती बातमी. हे कात्रण दाखवून गाडीची फुकट दुरुस्ती होते, जेवण मिळते. प्रसंग विनोदी आहे आणि खराही आहे. १९५२ च्या फेब्रुवारीत तिथल्या पत्राने ही बातमी छापली होती. डॉक्टरीची ही झूल पांघरून ते पुढे निघतात आणि थोड्याच वेळात चित्रपट त्यांना खऱ्या रुग्णासमोर उभे करतो.

एर्नेस्तोच्या या प्रवासाच्या रोजनिशीत ही वालपाराइसोची म्हातारी आहे. दमा, त्यात हृदय कमकुवत. अंधाऱ्या खोलीत घामाचा आणि धुळीचा वास. कामावर जाऊन चार पैसे आणण्याची ताकद संपली आहे, म्हणून घरात तिची अडचण होऊ लागली आहे. दम्याने छाती भरून आलेल्या माणसाला काय होते, हे या विद्यार्थ्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. तो आपल्याजवळच्या गोळ्या तिला देतो. यापलीकडे त्याच्या हातात काही नाही. रोजनिशीत तो लिहितो ते असे, की इथे डॉक्टर पूर्णपणे हतबल असतो आणि त्याला या व्यवस्थेतच बदल हवासा वाटतो. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत ही बाई लोकांना खाणे वाढून पोट भरत होती, ही बाब त्याला औषधांच्या यादीइतकीच महत्त्वाची वाटते. आमच्याकडे मेडिकलला असलेल्या मुलामुलींना मी हा प्रसंग आवर्जून पाहायला सांगतो. रुग्णाचा इतिहास विचारताना वय, वजन, ताप यांच्या जोडीला 'घरात कमावते कोण' हा प्रश्न विचारायला हवा, हे इथे कोणी भाषण न करता समजते.

याच सुमारास गाडी मरते. पोदेरोसा चिलीत कायमची बंद पडते आणि तिथून पुढचा प्रवास पायी, ट्रकच्या मागे बसून, बोटीत चोरून शिरून होतो. मोटारसायकलचे नाव मिरवणाऱ्या चित्रपटात मोटारसायकल अर्ध्यावरही टिकत नाही. मला हा चित्रपटाचा कणा वाटतो. गाडीवरचा माणूस वस्तीतून जातो, लोक त्याच्याकडे पाहतात, तो हात हलवतो आणि पुढे निघतो. पायी चालणाऱ्याला रस्त्यावरच्या माणसाच्या चालीने चालावे लागते, त्याच्याच शेकोटीशी बसावे लागते. सालेस यांच्या कॅमेऱ्यातही फरक पडतो. सुरुवातीला मोठे निसर्गचित्र, त्यात दोन ठिपके. पुढे चेहरेच चेहरे.

आताकामाच्या वाळवंटात एक खाणकामगार जोडपे भेटते. दोघे कम्युनिस्ट. चिलीत १९४८ च्या कायद्याने कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली होती. याच कायद्याच्या धाकाने पाब्लो नेरुदाला घोड्यावरून आंदीज ओलांडून परागंदा व्हावे लागले होते. कवीला निदान घोडा आणि मित्र होते. या जोडप्याला घर नाही, मुले कोणाच्या तरी स्वाधीन केलेली, आणि ते चुकिकामाताच्या तांब्याच्या खाणीत काम मिळेल या आशेने निघालेले. रात्रीच्या थंडीत त्यांच्याकडे साधे पांघरूणही नाही. रोजनिशीत आहे, की दोघा मित्रांनी आपल्या दोन पांघरुणांपैकी एक त्यांना दिले. चित्रपटात शेकोटीपाशी ते जोडपे विचारते, तुम्ही काम शोधायला निघालात का? नाही. मग कशासाठी? एर्नेस्तो क्षणभर थांबतो आणि म्हणतो, प्रवासासाठी प्रवास. ऐकणाऱ्या बाईला हे कळणे कठीण आहे. तरी ती त्यांच्या प्रवासाला आशीर्वाद देते. पुढे कधीतरी आल्बेर्तो पुन्हा त्या पंधरा डॉलरांची चौकशी करतो, तेव्हा ते कुठे गेले ते आपल्याला कळते.

चुकिकामाता ही जगातल्या सर्वांत मोठ्या उघड्या खाणींपैकी एक. तेव्हा ती ॲनाकोंडा या अमेरिकी कंपनीच्या ताब्यात होती. १९७१ साली साल्वादोर आयेंदेंच्या सरकारने तिचे राष्ट्रीयीकरण केले. खाणीच्या तोंडाशी मुकादम मजुरांना बोटाने निवडतो, तू ये, तू नको, आणि निवडलेल्यांना ट्रकमध्ये घालून नेतो. एर्नेस्तो जाणाऱ्या ट्रकवर दगड भिरकावतो. तो दगड लागतो पण त्याने काही होत नाही. रागाचे हे पहिले रूप किती दुबळे आहे, हे सालेस लपवत नाहीत, आणि म्हणून मला ते खरे वाटते.

पेरूत चित्रपट सावकाश चालू लागतो. इथे एक निर्मितीविषयक गोष्ट सांगायला हवी. चित्रीकरण शक्यतो प्रवासाच्या क्रमानेच झाले आणि नटांना वाटेत भेटणाऱ्या खऱ्या माणसांशी, त्या क्षणी सुचेल ते बोलायला मोकळीक दिली गेली. कुस्कोत वाट दाखवणारा छोटा मुलगा, जमिनीवरून हाकलला गेलेला शेतकरी, आपल्याला शाळा मिळाली नाही म्हणून केचुआ भाषेतच बोलणाऱ्या बायका हे सगळे असे आले. गाएल गार्सिया बर्नाल आणि रोद्रिगो दे ला सेर्ना अशा प्रसंगांत अभिनय बाजूला ठेवतात आणि फक्त ऐकतात. १९५२ च्या गोष्टीत २००० नंतरची माणसे आपल्या आजच्या तक्रारी सांगतात आणि कुठेही सांधा दिसत नाही. पन्नास वर्षांत काय बदलले, याचे उत्तर या न दिसणाऱ्या सांध्यात आहे. अधूनमधून काळ्या-पांढऱ्या रंगात माणसे कॅमेऱ्यासमोर निश्चल उभी राहून थेट आपल्याकडे पाहतात. ते छायाचित्र नसते, नीट पाहिले तर पापणी लवते.

माचू पिचूच्या दगडांवर बसून आल्बेर्तो एक योजना मांडतो. इंकांच्या वंशातल्या मुलीशी लग्न करायचे, मूळ रहिवाशांचा पक्ष काढायचा, निवडणुका जिंकायच्या, शांततेने क्रांती करायची. एर्नेस्तो विचारतो, बंदुकीशिवाय क्रांती? ती चालायची नाही. साऱ्या चित्रपटात पुढच्या चेकडे इतका उघड इशारा इथेच आहे. मला हे वाक्य किंचित उपरे वाटते. बाकी चित्रपट आपल्या तरुणाला घाई करायला लावत नाही.

लिमामध्ये डॉ. उगो पेस्से भेटतात. कुष्ठरोगाचे मोठे जाणकार आणि 'पेरूच्या वास्तवावरील सात निबंध' लिहिणाऱ्या होसे कार्लोस मारियातेगी यांचे एकेकाळचे सहकारी. ते दोघांना निवारा देतात, कपडे देतात, वाचायला पुस्तके देतात. स्वतःच्या पुस्तकाबद्दल मत विचारतात तेव्हा आल्बेर्तो गोड बोलून वेळ मारून नेतो. एर्नेस्तो ज्याच्या घरचे अन्न खातो आहे त्याला तोंडावर सांगतो, की तुमचे लिखाण चांगले नाही. याआधी वाटेत एका यजमानाच्या मानेवरची गाठ पाहून त्याने ती ट्यूमर असल्याचे स्पष्ट सांगितले होते आणि रात्रीचा आसरा गमावला होता. खोटे दिलासे देता न येणे हा त्याचा स्वभाव चित्रपटाने बारकाईने जपला आहे. गंमत म्हणून आलेला हा गुण सान पाब्लोत गंभीर होतो.

सान पाब्लो ही ॲमेझॉनच्या काठची कुष्ठरोग्यांची वसाहत. चित्रपटात नदीच्या एका तीरावर डॉक्टर, नर्सेस, नन्स राहतात आणि दुसऱ्या तीरावर रुग्ण. पलीकडे जाण्यापूर्वी हातमोजे घालायचे, असा नन्सचा दंडक आहे. उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या स्पर्शाने हा रोग होत नाही, हे तिथल्या डॉक्टरांना माहीत आहे. दोघे हातमोजे घालत नाहीत. पलीकडे पोचल्यावर रुग्णांच्या वयस्क पुढाऱ्यापुढे उघडा हात करतात, तेव्हा तो गडबडतो. तुम्हाला इथले नियम कोणी सांगितले नाहीत का, असे विचारतो.

या विज्ञानाबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय हा प्रसंग नुसता भाबडा वाटेल. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ मध्येच शोधला होता. बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची ताकद मुळातच असते. १९४० च्या दशकात सल्फोन गटाची औषधे आली आणि रोग आटोक्यात येऊ लागला. म्हणजे १९५२ मध्ये हातमोज्यांना वैद्यकीय आधार उरत चालला होता तो फार थोडा. उरली होती ती भीती आणि तिने घालून दिलेली शिस्त.

मराठी वाचकाला हे परके नाही. त्याच वर्षांत वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर बाबा आमटे आनंदवन उभे करत होते. पावसात पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरोग्याला पाहून आधी भयाने मागे सरलेला आणि मग त्या भयाशीच झुंजायला निघालेला हा वकील कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचे शिक्षण घेऊन आला होता. एर्नेस्तो आणि बाबा यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता आणि पुढे त्यांचे मार्ग अगदी विरुद्ध दिशांना गेले. पण दोघांनाही आधी एकाच प्रश्नाला उत्तर द्यावे लागले, की या माणसाच्या हातात मी हात देणार का. आपल्या देशातला १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ पर्यंत रद्द झाला नव्हता, हे आठवले की सान पाब्लोची नदी फार दूरची वाटत नाही.

वसाहतीत सिल्व्हिया नावाची तरुण रुग्ण शस्त्रक्रियेला नकार देऊन पडली आहे. एर्नेस्तो तिला धीर देत नाही, सगळे ठीक होईल असेही म्हणत नाही. तो आपल्या दम्याबद्दल बोलतो. फुप्फुसे बिघडलेली घेऊनच आपण वाढलो, हे सांगतो. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातले अंतर इथे संपते, आणि तेही डॉक्टरने स्वतः रुग्ण असल्याचे कबूल केल्यामुळे. मला हा साऱ्या चित्रपटातला सर्वांत चांगला प्रसंग वाटतो, पुढच्या गाजलेल्या पोहण्याच्या प्रसंगापेक्षाही.

त्या प्रसंगाविषयी थोडे सावध राहायला हवे. १४ जून, एर्नेस्तोचा चोविसावा वाढदिवस. डॉक्टरांच्या तीरावर नाच-गाणे होते. तो छोटेसे भाषण करतो. मेक्सिकोपासून मॅगेलनच्या सामुद्रधुनीपर्यंत आपण एकच मिश्र वंशाचे लोक आहोत, देशांच्या सीमा खोट्या आहेत, असे त्याचे सार. मग दम्याची पर्वा न करता रात्री नदीत उडी घेतो आणि पोहत रुग्णांच्या तीरावर जातो. भाषण रोजनिशीत आहे. वाढदिवसाच्या रात्रीचे पोहणे तिथे नाही. पटकथाकार होसे रिवेरा यांनी या दोन गोष्टी एका रात्रीत आणून बांधल्या, आणि नाट्य म्हणून ते साधले आहे. तरी सान पाब्लोचा खरा निरोप एर्नेस्तोने आईला लिहिलेल्या पत्रात आहे आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. रुग्ण रात्री होडीतून गाणे म्हणायला आले. अकॉर्डियन वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताला बोटे नव्हती, मनगटाला बांधलेल्या काड्यांनी तो वाजवत होता. गाणारा आंधळा होता. कोणत्याही पटकथाकाराला हे लिहायचे धाडस झाले नसते.

रुग्णांनी बांधून दिलेल्या तराफ्यावरून दोघे निघतात आणि त्यापुढचा भाग चित्रपट भराभर उरकतो. कोलंबियातल्या लेतिसियात त्यांनी फुटबॉल संघाला शिकवून पैसे कमावले होते, ते इथे येत नाही. जुलैत काराकासला निरोप होतो. आल्बेर्तो तिथेच नोकरीला राहतो, एर्नेस्तो मालवाहू विमानाने जातो. १९५३ मध्ये त्याने पदवी घेतली आणि पुन्हा बाहेर पडला. ग्वातेमालात निवडून आलेले सरकार १९५४ मध्ये उलथवले जाताना त्याने पाहिले, मेक्सिकोत फिदेल कास्त्रो भेटले. बाकी सर्वांना ठाऊक आहे. १९५९ मध्ये तो क्यूबाचा प्रतिनिधी म्हणून दिल्लीला आला, पंडित नेहरूंना भेटला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला हवानाच्या ला काबान्या किल्ल्यात त्याच्या हुकमतीखाली क्रांतिकारी न्यायासने चालली आणि माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. ९ ऑक्टोबर १९६७ रोजी बोलिव्हियातल्या ला इगेरा गावी तो स्वतः मारला गेला.

चित्रपट काराकासच्या धावपट्टीवर थांबतो, म्हणून त्याच्यावर टीका झाली. हातमोजे नाकारणारा हात दाखवला, बंदूक धरणारा लपवला, असा आक्षेप होता. मला तो अर्धा मान्य आहे. २००४ चा चित्रपट १९५२ मध्ये संपतो यात अप्रामाणिकपणा नाही, तरुणाला त्याच्या तारुण्यातच पाहण्याचा कलावंताला हक्क आहे. पण रोजनिशीला एक शेवटचे टिपण आहे. त्यात तो रक्ताची, लढाईची, शत्रूला न सोडण्याची भाषा जवळजवळ धुंदीत बोलतो. ही नंतर लिहिलेली पाने असली तरी प्रवासाच्या गोष्टीला त्याने ती स्वतः जोडली. रिवेरा आणि सालेस यांनी ती वगळली. ज्या करुणेतून सान पाब्लो घडले तिच्यातूनच ला काबान्याकडे जाणारी वाटही निघते का, हा यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि चित्रपट त्याला हात लावत नाही. प्रेक्षकाने तो स्वतः सोबत न्यावा.

हे काम कोणी केले तेही पाहण्यासारखे आहे. दिग्दर्शक ब्राझीलचे, म्हणजे पोर्तुगीज बोलणाऱ्या, शेजाऱ्यांकडे पाठ करून अटलांटिककडे पाहणाऱ्या देशातले. पटकथाकार पोर्तो रिकोत जन्मलेला. एर्नेस्तो झालेला बर्नाल मेक्सिकोचा, त्याने अर्जेंटिनी धाटणीची स्पॅनिश मुद्दाम शिकून घेतली. आल्बेर्तो झालेला रोद्रिगो दे ला सेर्ना अर्जेंटिनाचा आणि गेव्हाराच्या आईकडून नात्यातला. संगीत अर्जेंटिनाच्या गुस्ताव्हो सांताओलाया यांचे. वाढदिवसाच्या भाषणात ज्या एका खंडाची कल्पना येते, ती निदान या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत खरी झाली आहे. अखेरचे गाणे उरुग्वेच्या होर्खे द्रेक्सलर यांचे. तेही शिक्षणाने डॉक्टर, कान-नाक-घशाचे. २००५ मध्ये ऑस्कर मिळवणारे ते पहिले स्पॅनिश गाणे ठरले. समारंभात ते गायची संधी दुसऱ्यांना दिली गेली होती, म्हणून पुरस्कार घ्यायला आल्यावर द्रेक्सलर यांनी भाषणाऐवजी त्याच्या काही ओळी वाद्यांशिवाय गायल्या.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. डब केलेली प्रत टाळून मूळ स्पॅनिश ध्वनी आणि खाली अक्षरे अशीच प्रत पाहावी. चिलीचा खाणकामगार, कुस्कोचा मुलगा, बुएनोस आयरेसचा विद्यार्थी यांच्या बोलीत जो फरक आहे तो कानाला भाषा न कळताही जाणवतो, आणि बायका केचुआत बोलू लागतात व मुलगा दुभाषा होतो तेव्हा एर्नेस्तोइतकेच आपणही परके असणे गरजेचे आहे. त्यानंतर दोन पुस्तके वाचावीत: आधी एर्नेस्तोची रोजनिशी, शेवटच्या टिपणासकट, आणि मग आल्बेर्तो ग्रानादोचे पुस्तक. ग्रानादो १९६१ मध्ये क्यूबाला गेले, तिथे संशोधन आणि अध्यापन करत राहिले आणि २०११ मध्ये हवानात वारले. चित्रपटाच्या अगदी शेवटी जो वृद्ध चेहरा दिसतो तो त्यांचाच आहे.